घसा स्वच्छ असेल तरच

माझी मुलगी जिथे काम करते तिथे मला जाता येत नाही. परवानगीचा कागद मिळाला होता, रजा शिल्लक होती, विमानाची तिकिटं पाहून ठेवली होती. अडचण माझ्या घशात आहे.

तसं मला काही होत नाही. गिळताना दुखत नाही, ताप नाही, आवाज बसलेला नाही. पण माझ्या टॉन्सिलच्या खाचांमध्ये एक जंतू घर करून राहिला आहे आणि तो निघायला तयार नाही. या जंतूची आणि माझी ओळख जुनी आहे. ऐरोलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अर्धं आयुष्य जंतू वाढवण्याचंच काम करत आलो. लोकांच्या घशातून, लघवीतून, जखमांतून आलेला नमुना लाल जेलीच्या प्लेटवर ओढायचा, प्लेट उबेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते वाचायचं. आमच्याकडे त्याला वाचणंच म्हणतात. घशाच्या नमुन्यासाठी जी प्लेट वापरतात तिच्या जेलीत मेंढीचं रक्त असतं. हा जंतू त्या रक्तावर वाढतो, तेव्हा त्याच्या टाचणीच्या टोकाएवढ्या दाण्याभोवतीचं रक्त विरघळतं आणि तिथे काचेसारखं कडं दिसतं. ते कडं मी दुसऱ्यांच्या प्लेटवर इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मुलगी डॉक्टर आहे. खारघरच्या एका हॉस्पिटलात तिची बरी नोकरी होती. ती सोडून ती एका लहानशा तुकडीबरोबर देशाच्या ईशान्य टोकाला, सदाहरित जंगलातल्या एका वस्तीवर गेली. आसामची सपाटी संपली की जीप वर चढते, रस्ता संपतो तिथे तुकडीचा तळ आहे, आणि तळापासून दिवसभर चाललं की वस्ती येते. तिथे वर्षातले बहुतेक महिने पाऊस. झाडं इतकी दाट की आभाळ बघायचं तर नदीवर जावं लागतं. बांबूची लांबलचक घरं, मधोमध चूल, आणि त्या चुलीभोवती सगळं घर एकाला एक चिकटून झोपतं.

ती जायच्या काही वर्षं आधी तिथे रस्त्यासाठी झाडं तोडायला बाहेरची माणसं आली होती. त्यांच्यातल्या कोणाचा तरी घसा आला होता. घसा येणं म्हणजे काय मोठं? जुईनगरला आमच्या सोसायटीत दर थंडीत निम्म्या लोकांचा येतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून माणसं कामावर जातात. तिथे तो चुलीचुलीतून फिरला. पोरांचे घसे आले आणि बरेही झाले. सगळे विसरून गेल्यावर त्या पोरांचे गुडघे सुजायला लागले. आज हा गुडघा, उद्या तो घोटा. मग सांध्यांची सूज उतरली आणि काहींच्या हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडल्या. या जंतूचं असंच असतं. घशात तो सहसा थोडाच वेळ राहतो, पण त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयावर वार करून बसतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. माझी मुलगी ते रोज कानाने ऐकते, स्टेथोस्कोपमधून.

त्या मुलांना दर काही आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा घसा आला की झडप आणखी बिघडते. त्यामुळे मुलीला तिथून हलता येत नाही. ती खाली उतरून शहरात आली तर परत वर जाण्याआधी तिलाही तळावर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कोणाचं तरी इंजेक्शन चुकतं. गेल्यापासून ती घरी आलेली नाही.

आम्हीच यावं, असं तिनेच सुचवलं. थंडीत पाऊस थांबतो, तेव्हा वाट चालण्याजोगी होते. "पण पप्पा, एक आहे," ती फोनवर म्हणाली. "घसा तपासून यायचं. दोघांनी. स्वच्छ असेल तरच वर."

"अगं, मला काही झालेलं नाही."

"रस्तावाल्यांनाही तसंच वाटत होतं."

मग तिने मला सांगितलं, की रोगाचा नुसता वास आला तरी वाटेवर बांबू आणि पानं आडवी बांधून गाव बंद करायची त्या लोकांची जुनी पद्धत आहे. बांबू आडवा असेपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. त्या साथीनंतर गावाने आणि तुकडीने मिळून ठरवलं, की मुक्कामाला येणाऱ्याचा घसा आधी बघायचा. कारण पाहुणा आला की बांबूच्या एकाच पेल्यातून सगळे पितात. आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई, मग पाहुणा, मग उतरत्या वयाने सगळे, शेवटी पोरं. नाही म्हणता येत नाही.

"मी माझा ग्लास आणेन," मी म्हणालो.

"पप्पा, तिथे स्वतःचा ग्लास काढून बसलास तर तू पाहुणा नाहीस, इन्स्पेक्टर आहेस."

मी हसलो. घसा तपासणं तर माझ्या हातचा मळ होता. मी स्वतःच आरशासमोर जीभ बाहेर काढून नमुना घेतला, बायकोला ओकारी येईल म्हणून तिचा घेतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर सगळीकडे कडीच कडी. तेव्हा मला गंमत वाटली, हे कबूल करतो. आयुष्यभर ज्याला पकडत आलो तो माझ्याच घशात बसलेला. मुलीला फोटो पाठवला. तिने लिहिलं, "अभिनंदन. गोळ्या चालू कर."

खाडीकाठच्या आमच्या गावात माझी मोठी बहीण राहते. मासळी बाजारात तिची जागा आहे. आम्ही जाणार म्हणून ती भाचीसाठी सुकट आणि बोंबील निवडत होती. मी तिला हा घशाचा प्रकार सांगितला तर तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंजे पोरीला बगाला जाशील, आन् आदी घसा दाखवाचा? पोरगी बगाला चाललास का पोरगा दाखवाला?"

"ताई, तिथल्या पोरांना बाधतं."

"मंग बरोबर हाय." ती लगेच म्हणाली, आणि थोडा वेळ बोंबलांची डोकी मोडत राहिली. "आपल्या आज्याच्या टायमाला पटकी आली का मरीआयचा गाडा काढाचे. हलद-कुकू, नारल, कोंबरी, समदं गाड्यावर, आन् वाजत गाजत न्हेऊन बाजूच्या गावाच्या शिवेत सोराचा. ती लोकं उठून बगतात तर गाडा. मंग ती पुढच्या गावाला ढकलाची."

"आणि पटकी?"

"जायची ना. लोकंच न्हेत व्हती तिला, हात धरून." ती हसली, मग गंभीर झाली. "ती लोकं आपल्यापरीस बरी म्हनाची. सोताला कोंडून घेतात, दुसऱ्याच्या दारात नाय सोरत."

सुकटीची पिशवी घेऊन मी घरी आलो. गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला. पुन्हा नमुना, पुन्हा प्लेट. पुन्हा कडी. तितकीच, किंबहुना जरा जास्तच.

या वेळी गंमत वाटली नाही. थंडी अर्धी सरली होती. मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तिला नेटवर्क फक्त तळावर मिळतं. औषधं न्यायला ती खाली उतरली की तिचा चेहरा आमच्या जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकून उभा राहतो. तिच्या पाठीमागून किड्यांचा एक सलग आवाज येत असतो, करवतीसारखा. कॉल संपल्यावर आमच्या घरात जी शांतता होते तिच्यात मला तो आवाज बराच वेळ ऐकू येतो. आणखी एक सवय मला लागली आहे. तिथे उजेड आपल्या खूप आधी होतो, म्हणून मी अंधार असतानाच उठून बसतो. ती उजेडात वावरते आहे आणि मी झोपलो आहे, हे मला बरं वाटत नाही.

तर ती त्या दिवशी कॉलवर आली, आणि बोलता बोलता एकदम थांबली.

"मम्मी, तुझं ताट कुठेय?"

"हे काय," बायको म्हणाली.

"ते पप्पाचं आहे."

"आमचं दोघांचं आहे. दोघांसाठी दोन ताटं कशाला काढायची?"

हे खरं होतं. मुलगी गेल्यापासून आम्ही एका ताटात जेवायला लागलो होतो. ठरवून नाही. आधी घासायला भांडी कमी पडावीत म्हणून, मग समोरासमोर दोन ताटं मांडली की तिसऱ्याची जागा फार दिसायची म्हणून. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. बायको माशाचे काटे काढून तुकडा माझ्या बाजूला सरकवायची, मी अर्धा खाऊन उरलेला तिच्याकडे. पाण्याचा तांब्याही एकच.

मुलगी कपाळावर हात मारून हसत होती. "अरे देवा! पप्पा, तू लॅबवाला ना? तू गोळ्या खाऊन जंतू काढतोस आणि मम्मी तुला परत भरवते! मम्मीचा घसा बघितलास का?"

नव्हता बघितला. बाहेरच्या सगळ्या जगाचे घसे बघणाऱ्या माणसाला घरचा घसा सुचला नव्हता. बायकोचा नमुना घेतला, ती ओकली, मला दोन शब्द ऐकवले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्लेटवर माझ्यासारखीच कडी. कोणी कोणाला दिलं ते आता कळायला मार्ग नाही. बायकोने मात्र लगेच निकाल दिला, "तुम्हीच आणलंत लॅबमधून."

आम्ही दोघांनी मिळून औषध घेतलं, या वेळी वेगळं, जरा कडक. आणि ताटं वेगळी केली. ते दिवस मला विचित्र गेले. बायको माझ्यासमोर बसून स्वतःच्या ताटातला मासा सोलायची, सवयीने तुकडा उचलायची आणि हवेत थांबायची. एकदा तिने तो तुकडा खिडकीतल्या मांजराला टाकला. "हिचा घसा कोण बघणार आहे?" म्हणाली.

त्याच दिवसांत मी वस्तीची खूप स्वप्नं रंगवली. मुलीने सांगितलेलं सगळं मला पाठ झालं होतं. घराला चढायला एकाच ओंडक्यात खाचा पाडलेली शिडी असते. त्या शिडीच्या पायथ्याशी अकराएक वर्षांची एक मुलगी बसलेली असते. तिच्या दोन झडपा गेल्या आहेत. चार खाचा चढली की तिचे ओठ निळे होतात, म्हणून कोणीतरी येऊन तिला पाठीवर घेईपर्यंत ती खाली थांबते. इंजेक्शनच्या वेळी ती माझ्या मुलीच्या दंडाला चावते. मग दोघी बराच वेळ एकमेकींवर रागावून बसतात. मी ठरवून टाकलं होतं, की पहिल्या दिवशी तिला मी पाठीवर घेऊन वर नेणार. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही आपल्या दोन जिन्यांना धापा टाकता."

कोर्स संपल्यावर काही दिवस जाऊ दिले आणि दोघांचे नमुने घेतले. सकाळी लॅबमध्ये कोणी यायच्या आत प्लेट काढल्या. बायकोची स्वच्छ होती. घशात नेहमी असतात तेवढे निरुपद्रवी दाणे, कडं कुठेच नाही. माझी मी खिडकीजवळ नेली. मधला भाग स्वच्छ होता. कडेला, जिथे ओढलेल्या नमुन्याची रेघ संपते तिथे, काही दाणे होते. थोडेच. आणि त्यांच्याभोवती कडी होती.

पुढचं लिहायला मला जड जातं. मी प्लेट तिरकी केली, सरळ केली, चष्मा काढला, घातला. दुसऱ्या कोणाची असती तर माझी नजर तिच्यावर क्षणभरही थांबली नसती. पण मी तिथे उभं राहून स्वतःशी वाद घालत होतो. इतके थोडे आहेत. शिवाय माझ्यासारख्या, लक्षणं नसलेल्या माणसाकडून हा जंतू सहसा फार पसरत नाही, असं पुस्तकात लिहिलं आहे आणि ते खोटं नाही. मी मुलीला 'स्वच्छ' एवढंच कळवलं असतं तर तिने विचारलंही नसतं. मी वाचलेल्या प्लेटवर तिने लहानपणापासून विश्वास ठेवला आहे. शाळेत असताना ती लॅबमध्ये यायची आणि मी जे म्हणेन ते खरं मानायची. माझ्या हातातल्या प्लेटचा वर जाण्याच्या परवानगीशी संबंध होता, आणि तो निकाल देणारा मीच होतो.

त्याहून वाईट एक गोष्ट आहे. त्या वेळी मला त्या वस्तीतल्या माणसांचा राग आला. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांच्या पोरांच्या झडपा आमच्यासारख्या बाहेरच्यांनी बिघडवल्या, त्यांचा. माझी पोर तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही मलाच अडवता, असं माझ्या मनात आलं. मी स्वतःला बरा माणूस समजत होतो.

मी प्लेट परत उबेत, मागच्या कप्प्यात ठेवली. बायकोला फोन करून सांगितलं, "तुझा स्वच्छ आहे. माझा आणखी एक दिवस ठेवतो." मुलीला संदेश पाठवला, "मम्मी स्वच्छ. माझं अजून नक्की नाही." ती तळावर होती, औषधांची जीप येणार होती म्हणून थांबलेली. तिचं नुसतं "बरं" आलं.

दुसऱ्या दिवशी ते दाणे अधिक ठसठशीत झाले होते. आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. वाचणाऱ्याला शंका आली तर प्लेटवरच्या लेबलवर कागदी पट्टी चिकटवायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. पट्टी अशासाठी, की नमुना कोणाचा आहे, आधीच्याने काय वाचलं, हे दुसऱ्याला कळू नये. मी पट्टी चिकटवली. का चिकटवली ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित ती तरी 'शंका आहे' म्हणेल, अशी आशा होती. आपल्या बाजूने खोटं बोलायला माणूस साक्षीदार शोधतो, तसं काहीसं.

शेजारच्या टेबलावरची सहकारी मुलुंडहून येते. आम्ही बरोबरच म्हातारे होत चाललो आहोत. तिने प्लेट हातात घेतली, नीट उचललीही नाही.

"काय साहेब, डोळे गेले का? यात शंका कसली?"

"थोडे आहेत ना."

"थोडे म्हणजे? आहेत की नाहीत? कडी बघा, चकाकतायत. कोणाचा हो?"

"आहे एकाचा."

"पोर की म्हातारा?"

"म्हातारा."

"मग द्या की रिपोर्ट. एवढं उराशी धरून काय बसलात?" असं म्हणत तिने सवयीने पट्टी सोलली. लेबलवर नुसता नंबर होता, पण रोजच्या रजिस्टरमध्ये नसलेला नंबर आणि माझं अक्षर. तिला आमच्या जाण्याचं ठाऊक होतं, निघायचा दिवस तिने स्वतः मला तीन-चारदा विचारला होता. ती पट्टी बोटावर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "चला, चहा घेऊ."

चहा घेतला. ती तिच्या सुनेबद्दल बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. ती प्लेटबद्दल एक अक्षर बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मग गच्चीवर जाऊन मुलीला फोन लावला.

"बाय, माझा घसा स्वच्छ नाही झाला."

पलीकडे तो करवतीसारखा आवाज.

"काल कळलं होतं ना तुला?" ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पप्पा, तू 'नक्की नाही' असं कधीच म्हणत नाहीस. तुझं एकतर आहे, नाहीतर नाही."

मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, "मी तुला स्वच्छ म्हणून सांगणार होतो. एक दिवस मी तेच घोळवत होतो."

मला वाटलं फोन कापला गेला.

"आहेस का?" मी विचारलं.

"आहे." मग म्हणाली, "मलाही काल वाटलं होतं, की तू तसं सांगावंस. आणि मी मान्य करावं." तिने आवाज खाकरून सरळ केला. "ती पोरगी रोज विचारते तुझ्याबद्दल. मी तिला सांगून ठेवलंय, माझा बाप जंतूंची शेती करतो. ती विचारते, पीक कसंय?"

"जोरात आलंय म्हणावं."

ती हसली. हसताना तिला हुंदका आला की मला, ते त्या खराब नेटवर्कवर वेगळं काढता येत नव्हतं.

"मम्मीला पाठव," ती म्हणाली. "वाट अजून उघडी आहे."

हे मला सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं. जायचं तर दोघांनी, नाहीतर कोणीच नाही, हे मी मनाशी धरून बसलो होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. बायको जाईल आणि मी राहीन, या कल्पनेनेच मला मत्सर वाटत होता. स्वतःच्या बायकोचा, स्वतःच्या मुलीवरून.

बायको आधी साफ नाही म्हणाली. "मी एकटी? दिब्रुगडला? मला पनवेलला बस बदलायची तरी छातीत धडधडतं." मग म्हणाली, "तुम्ही नाही तर मी नाही." मग रात्रीच्या जेवणानंतर ओट्याजवळ पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तिथे थंडी किती असते?" तेव्हा मी समजलो आणि माळ्यावरचे स्वेटर काढले.

ती निघेपर्यंत मी घरात तोंडाला मास्क लावून, दुसऱ्या खोलीत झोपून दिवस काढले. पुन्हा तिला माझं काही लागायला नको. बायको गाडीत बसली तशी ताईने तिच्या मांडीवर सुकटीची पिशवी ठेवली आणि वर आणखी एक. "ही त्या पोरीला दे. हृदयवालीला. बोंबील खाऊन बघ म्हनावं, चावाचं काम त्याला लाव, डागतरीनबायला नको." विमानतळाच्या दारात बायकोने मागे वळून पाहिलं. मी मास्कमागून हसलो, ते तिला दिसलं नसणार.

त्यानंतर नुसती वाट पाहणं. वस्तीवर नेटवर्क नाही, त्यामुळे बायको वर गेली आणि दोघी एकदमच गप्प झाल्या. मी कामावर जायचो, दुसऱ्यांच्या प्लेट वाचायचो, आहे किंवा नाही असं झटक्यात सांगायचो. पहाटे अंधारात उठून बसायचो. आता तिथे दोघी उजेडात होत्या. बायको कुठल्या अंगावर झोपली असेल, चुलीच्या धुराने तिला खोकला आला असेल का, ती खोकली तर लोक दचकले असतील का, असले विचार यायचे. एकदा मनात आलं, की पेला आता फिरत असेल. म्हातारी, मग माझी बायको, मग सगळे, शेवटी ती मुलगी. त्या ओळीत मी नव्हतो, म्हणून ती ओळ तशीच पुढे सरकत होती. हे मला समजत होतं. समजून दुखायचं थांबत नाही.

बायको परतली ती काळवंडून, पोटऱ्यांवर जळवांच्या खुणा घेऊन आणि कधी नव्हे इतकी बोलकी होऊन. मी तिला बसू दिलं नाही. कशी आहे? बारीक झालीय का? केस कसे बांधते? जेवते कशावर? ती दमून उत्तरं देत होती. बारीक झालीय पण काटक. केस कापलेत. उकिडवी बसते तासन्‌तास, आपल्याकडे दोन मिनिटं बसायची नाही. त्यांच्या भाषेत हसवते आणि आपल्या भाषेत रागावते. रागाच्या वेळी त्या पोरांनाही मराठी कळतं.

"आणि ती?" मी विचारलं.

"शिडीखाली बसली होती. मला बघून आधी माझ्या मागे बघितलं. तुम्हाला शोधत होती." बायको पोटरीवरची खूण चोळू लागली. "मी तिला पाठीवर घेतलं. जड नाहीय हो. नुसती हाडं. वर गेल्यावर माझ्या मानेशी तिची छाती होती, तर आत कायतरी फुसफुस वाजत होतं. टायरमधून हवा जाते ना, तसं."

आता तिथे पाऊस लागला आहे, वाट पुढच्या थंडीपर्यंत बंद. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, वाटल्यास टॉन्सिल काढता येतील, पण या वयात एवढ्यासाठी कोणी काढत नाही. एवढ्यासाठी म्हणजे कशासाठी, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बघू.

परवा संध्याकाळी बायको बाल्कनीत कपडे काढत होती. एकदम म्हणाली, "तिथे संध्याकाळ झाली ना, की माणसं अशी हाक मारतात," आणि तिने तोंडाशी हात नेऊन एक आवाज काढला. खालून वर चढणारा, शेवटी तुटणारा. "प्रत्येक घराची वेगळी. कोण परत आलं, कोण अजून जंगलात आहे, ते त्यावरून कळतं. आपल्या डॉक्टरीणबाईंना पण एक दिलीय. ती रोज घरी येताना मारते."

"तिची हाक कशी आहे?"

"हीच. आता काढली ती."

"पुन्हा काढ."

तिने काढली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं. मी आणखी एकदा काढायला लावली. मग विचारलं, हाकेला उत्तर काय देतात? तिने ते शिकवलं. ते लहान असतं, दोनच स्वर, मी ऐकलं, ये, एवढाच त्याचा अर्थ. मला ते जमेना. पहिल्यांदा कोंबड्यासारखं झालं, बायको दोरीला धरून हसत सुटली. दुसऱ्यांदा जरा बरं.

"अजून वरून घ्या," ती म्हणाली. "अंतर केवढं असतं, माहितीय का?"

मी वरून घेतलं.